पैसा, परदेशी खेळाडू आणि बेळगावचे फुटबॉल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात फुटबॉल स्पर्धांचे दिवस आले की ‘यंदा बाहेरून कोण येणार?’ याचीच चर्चा मैदानाभोवती रंगते. भरपूर पैसा ओतून परदेशी खेळाडू आणले की चषक आपलाच, हा समज पक्का होत चालला आहे आणि मला तो घातक वाटतो.

पैशाचे महत्त्व नाकारता येत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळाडूंना अधिक वेतन देणारे क्लबच बहुधा वर राहतात. 2015-16 मधील लेस्टर सिटीचे अजिंक्यपद हा अपवाद होता आणि 2023 मध्ये तो क्लब खालच्या श्रेणीत घसरलाही. मात्र मोठ्या नावांसाठी मोजलेली किंमत यश देतेच असे नाही. पॅरिसच्या पीएसजी या क्लबने 2017 मध्ये ब्राझीलच्या नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो मोजले, पुढे मेस्सीलाही आणले. परंतु चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा त्यांनी प्रथम जिंकली ती 2025 मध्ये, नेमार, मेस्सी आणि एम्बापे हे तिघेही बडे खेळाडू क्लब सोडून गेल्यावर.

परदेशी खेळाडूंचे उत्तम उदाहरण तर चोर्ला घाटापलीकडेच आहे. गोव्याच्या धेंपो क्लबने 2004-05 ते 2011-12 या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो यांचा त्यात मोठा वाटा होता, हे मान्यच आहे; पण रँटी आठ वर्षे त्याच क्लबकडे राहिला, आणि त्याच्यासोबत समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स असे गोव्याचेच खेळाडू व गोव्याचेच प्रशिक्षक आर्मांदो कुलासो होते. एका स्पर्धेपुरता आलेला पाहुणा खेळाडू, सहकारी मैदानात कधी, कुठे धावतात हे ओळखण्याआधीच परत निघालेला असतो.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरू शकत. 2021-22 पासून ही मर्यादा चारवर आली. तरीही गोल करणाऱ्या आघाडीच्या जागा बहुधा परदेशी खेळाडूंनाच मिळतात आणि सुनील छेत्रीनंतर भारतासाठी गोल कोण करणार, हा प्रश्न सुटलेला नाही. आपल्या गल्लीतील मुलालाही आघाडीवर खेळण्याची संधी मिळाली नाही, तर तो गोल करायला शिकणार कुठे?

म्हणून स्थानिक स्पर्धांच्या संयोजकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक संघाच्या अकरांपैकी निम्म्याहून अधिक खेळाडू बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील असावेत, त्यांपैकी किमान एक आघाडीवर खेळावा, असा नियम यंदाच्या नोंदणीपासूनच करावा.

आपला विश्वासू,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
शहापूर, बेळगाव