त्या भिंतीचं सोडून बाकी सगळं

निलंगा
३० सप्टेंबर

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, "अण्णा, तुम्हाला दिसेल त्या भिंतीत किल्लारीच दिसते," आणि फोन ठेवलास. मी रागावलेलो नाही. तुझा फोन स्पीकरवर असतो, व्याही शेजारी बसलेले असतात, मागून काकू विचारतात काय म्हणतायत म्हणून. तसल्यात मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो. भिंतीचा विषय पत्रात काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय.

आधी माझी चूक सांगतो. तुम्ही घ्यायचा म्हणताय तो औशाचा वाडा बघायला गेलो त्या दिवशी मी पिशवीतून ओळंबा काढायला नको होता. मालक चहाचा ट्रे घेऊन उभा, व्याही ढाळजेत बसून "आमच्या आजोबांचं घर अगदी असंच होतं" म्हणून डोळे पुसतायत, आणि मी माजघराच्या मागच्या भिंतीला दोरी लावून सगळ्यांदेखत म्हणलं, "अडीच इंच सुटलीय." व्याह्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. तू पदर सारखा करत बाहेर निघून गेलीस तेही पाहिलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, हात आपोआप पिशवीत जातो. पण लेकीच्या सासरच्या माणसांसमोर तो आवरायला पाहिजे होता. व्याह्यांना माझा नमस्कार सांग आणि अण्णांचं चुकलं म्हणून सांग. अडीच इंच मात्र खरे आहेत.

जाऊ दे. वाड्याचं चांगलं आधी लिहितो, म्हणजे मी नुसता दोषच काढतो असं तुला वाटायला नको.

सागवानी खांब, तुळईवरची ती कोरीव वेलबुट्टी, असं काम आता पैसे देऊनही मिळत नाही. ते करणारे सुतार राहिले नाहीत. चौकात उभं राहिलं की चारी बाजूंची माणसं दिसतात. तुमची अकरा ताटं ओसरीवर एका रांगेत बसतात, वर दोन पाहुणे आले तरी कुणाला उठावं लागत नाही. तुझ्या सासऱ्यांचे गुडघे बघता एक पायरीसुद्धा चढायला लागू नये, तसंच ते घर आहे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पंख्याशिवाय गार. तुझी धाकटी माजघरात जमिनीवर उताणी पडून छतातल्या साण्यातून येणारा कवडसा तळहातावर धरत होती. कवडसा सरकला की ती पण सरकायची. मी बराच वेळ तिच्याकडंच बघत होतो. आपल्या जुन्या घरात तूही असंच करायचीस, पहिलीत होतीस.

आणि आड आहे. लातूरला राहून आडाची किंमत तुला मी सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा तू थोरल्याचं बोट धरून टँकरच्या रांगेत उभी होतीस. तू फोनवर रडली नाहीस, आई रडली होती.

आता तुमच्या मनातलं दुसरं घर, बार्शी रोडचं रो-हाऊस. तिथंही मी गेलो होतो, तुला न सांगता, बसनं. सळई, वाळू, विटा, सगळं हातानं बघून आलो. दिसायला चांगलं आहे. पण कॉलम भरून आठ दिवस झालेले आणि त्यावर पोतं नाही की पाणी मारलेलं नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणतो टँकर दोन दिवसांआड येतो. काँक्रीटला पाणी नाही मिळालं तर ते दिसायला दगड आणि आतून भुसभुशीत राहतं. वरून गिलावा आणि पुट्टी झाली की कुणाच्या बापाला कळत नाही. दुसरं, तो सगळा पट्टा काळ्या मातीचा आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराला वर-खाली करते. पाया मुरूम लागेपर्यंत गेलाय का, हे जावईबापूंनी बिल्डरला तोंडावर विचारावं, आणि पुढच्या घराचा खड्डा उघडा असेल तेव्हा आत उतरून बघावं. तो कागद दाखवील, पण खड्डा खोटं बोलत नाही.

महारेराचा, म्हणजे सरकारकडं प्रकल्प नोंदवल्याचा, नंबर आहे का ते बघा. त्या कायद्यात करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्यानं स्वतःच्या खर्चानं काढून द्यायचा. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती तेवढंच धरा, बाकी आकड्यांवर जाऊ नका. आणि तीन बेडरूममध्ये अकरा माणसं कशी झोपणार याचं चित्र कागदावर काढ. काकूंचं देवघर कुठं, थोरल्याचं दहावीचं टेबल कुठं. दीर म्हणतायत तसे शेजारी-शेजारी दोन फ्लॅट घेतले तर जागा पुरेल, पण दारं दोन झाली की पुढं चुली दोन होतात. मी लोकांची घरं बांधताना हे पुष्कळ बघितलंय. भावाभावांनी आधी मधली भिंत घालायला लावली आणि वर्षभरानं त्यातलं दार बुजवायला मलाच बोलावलं. तुझ्याकडं तसं होऊ नये. आजच्या दिवसांत दोघी जावा एका चुलीवर स्वयंपाक करतात, चुलत सासूला कुणी "तुमचं तुम्ही बघा" म्हणत नाही, हे बघून माझी मान ताठ होते. हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही.

वाड्याच्या कागदांचं थोडक्यात. मालक म्हणाला दोन भाऊ तयार आहेत, तीन बहिणी सही "देतीलच". देतीलच याला अर्थ नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलाइतकाच हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून सगळ्या देशात आणि आपल्या राज्यात त्याच्याही आधी, १९९४ पासून. पाचही जणांनी खरेदीखतावर सही करायची, नाहीतर बहिणींचं नोंदलेलं हक्कसोडपत्र आधी हातात पाहिजे. मालमत्ता पत्रकावर अजून त्यांच्या आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद त्यांनी करून द्यायची, तुम्ही नाही. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, वकिलाकडून घ्या. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. कर्ज तुझ्या पगारावर निघणार म्हणून लिहिलं. एवढी ओळ व्याह्यांना वाचून दाखवू नकोस.

बघ, लिहिता लिहिता मी पुन्हा शिकवायला लागलो. तू चाळिशीला आलीस, शंभर पोरींचं वसतिगृह सांभाळतेस, आणि मी तुला सर्च आणि सातबारा सांगतोय. माफ कर.

पण माजघराची ती मागची भिंत, बेबी. तिला लागूनच लेकरांच्या गाद्या टाकायच्या असं जाऊबाई म्हणत होत्या. थंड लागतं म्हणून.

आज तीस तारीख आहे. किल्लारीच्या ९३ सालच्या भूकंपाला एकतीस वर्षं झाली. तू तिसरीत होतीस, तुला पत्र्याच्या शेडमधला चिखल तेवढा आठवत असेल. आपल्या नात्यातल्या गोदूचं घर नव्वद साली कुणी बांधलं हे आईनं तुला सांगितलंय की नाही मला माहीत नाही. मी बांधलं. पाव्हणे म्हणाले होते, भाऊजी, अशी भिंत बांधा की सात पिढ्या हलायला नको. मी अडीच फूट रुंद बांधली. बाहेरून घडीव काळा दगड, आतून घडीव दगड, मधी गोटे आणि चिखल. पंचक्रोशीतले लोक बघायला यायचे. मला तेव्हा वाटायचं, भिंत जाड म्हणजे भिंत पक्की. आपला भाग त्या वेळी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता, भूकंपाचा विचार कुणाच्या डोक्यातच नव्हता. आत आणि बाहेर अशा दोन भिंती उभ्या राहिल्या होत्या, एकमेकींना टेकलेल्या. एकमेकींना धरलेल्या नव्हत्या.

आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी. मी दुपारी पोचलो. आतली बाजू आत पडली होती, बाहेरची बाहेर, आणि छपरावरच्या माळवदाची सगळी माती खाली. चारी खांब तळखड्याच्या दगडावर तसेच उभे होते. त्यांच्या शेजारची कुडाची झोपडी पण उभी होती. दगड उचलताना मला माझ्या टाकीचे घाव ओळखू येत होते. पुढचं लिहीत नाही.

म्हणून माझा हात पिशवीत जातो, माय.

पुढं दोन-तीन वर्षं मी भूकंपाच्याच कामावर होतो. तिथं साहेब लोकांनी शिकवलं ते मी आधी शिकलो असतो तर, हे मनात येतंच. पण त्यामुळंच तुला सांगू शकतो, की वाडा घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. आहे तसा घेऊन आहे तसा राहू नका, एवढंच आहे.

माळवदाची जाडी मालकाला विचारलीस का? मी शिडीवरून बघितली, दोन फुटांच्या वर आहे. दरवर्षी गळायला लागलं की लोक वरून पांढरी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास झाली, चार-साडेचार टन. तिथं दोन फूट आहे. म्हणजे एका खोलीतल्या लेकरांच्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा केल्यासारखं आहे. तुळया चांगल्या आहेत म्हणून तो अजून वर आहे. पहिलं काम म्हणजे ती माती उतरवायची. किलचा-फळ्या तशाच ठेवायच्या, वर जाड प्लास्टिक अंथरायचं, आणि माती फार तर वीतभर. गारवा थोडा कमी होईल, होऊ दे.

दुसरं, भिंत बांधून घ्यायची. तीन-चार फुटांवर आरपार भोक पाडायचं, सळईला दोन्ही टोकांना आकडा करून आत घालायचा आणि काँक्रीट भरायचं. साहेब लोक त्याला थ्रू स्टोन म्हणायचे. मग आतली भिंत बाहेरचीला धरते. कोपरे आणि दारांच्या वरची ओळ जाळी लावून पट्ट्यानं आवळायची. आणि माजघराच्या मागची भिंत, ती सुटलेली, ती दुरुस्तीतली नाहीच. तिला मधी पोट आलंय. ती टेकू देऊन उतरवून नव्यानंच बांधायची. हा सगळा खर्च वाड्याच्या किमतीत धरा, मग रो-हाऊसशी तुलना करा. मालक सांगतो ते पंचेचाळीस लाख ही वाड्याची किंमत नाही, ती दाराची किंमत आहे.

जुन्या भिंतींवर स्लॅब टाकून देतो म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाज आणि परत पाठव. आणि माझ्यावर पण विसंबू नकोस. जावईबापूंनी चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणावा, त्याचे पैसे मी देतो. तो जर म्हणाला अण्णांना उगं भीती वाटते, तर मी गप्प बसेन. बसायचा प्रयत्न करीन.

भिंतीचं लिहिणार नव्हतो ना. आई कंदील घेऊन आली आणि म्हणाली, किती पानं झाली? मी म्हणलं, कागदपत्रांचंच लिहितोय.

दसऱ्याला इसार द्यायचा असं ठरतंय तुमच्यात, ते एवढं पुढं ढकल. पितृपक्ष सरला की मी दोन दिवस येतो. व्याह्यांना विचारून, ते हो म्हणाले तरच. त्यांना वाड्यातच राहायचंय हे मला कळतं. म्हातारपणी माणसाला आपलं लहानपण परत पाहिजे असतं, आणि ते चौथ्या मजल्यावर कुठून मिळणार. त्यांना ते मिळावं असं मला मनापासून वाटतं. आम्ही दोघं म्हातारे मिळून त्या वाड्याचं काम उभं राहून करून घेऊ. एक एक दगड माझ्या नजरेखालून जाईल.

थोरल्याला अभ्यासाचं विचारू नकोस, तो करतो. धाकटीला आडाकडं एकटी सोडू नका, तिला कठड्यावरून वाकून स्वतःचं तोंड बघायचा नाद लागलाय. आडावर लोखंडी जाळी पहिल्या दिवशी, सामान आत जायच्या आधी.

आईनं कुरडया आणि काऱ्हळाची चटणी दिलीय, येताना आणतो.

तुझा
अण्णा

ता. क. – खांब मी वरवर बघितले, तळ बघायचा राहिला. तुम्ही पुन्हा गेलात तर जावईबापूंना म्हणावं, तळखड्याच्या वर चार बोटं जागा सोडून दाभण टोचून बघा. आत गेलं तर वाळवी आहे. मागच्या भिंतीजवळचे दोन खांब आधी बघा. आणि बघताना लेकरांना चौकातच थांबव, आत नको.