आधी किक मारू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या जुन्या दुचाकीचे फोटो पाहिले. सीट फाटलंय, टायर जमिनीला बसलेत, मडगार्डखाली कोळ्यांचा संसार आहे. शेवटच्या फोटोत तू हसतेयस आणि तुझा एक पाय किकवर आहे. तो पाय आधी खाली घे, मग पुढचं वाच.

तुझ्याएवढा असताना मीही अशीच वर्षानुवर्षं उभी असलेली एक गाडी भंगाराच्या भावात उचलली होती. आणल्या आणल्या किक मारली. दबेना, म्हणून सगळं वजन टाकून उभाच राहिलो. आतून ‘कट्’ असा बारीकसा आवाज आला आणि किक खाली गेली. मला वाटलं, जिंकलो! सिलिंडरला गंजून चिकटलेली पिस्टनची रिंग तुटली होती. पुढच्या दहा-बारा किकांत त्या तुकड्यानं सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर असा ओरखडा काढला, की सिलिंडर आतून कापून मोठा करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला.

म्हणून तू इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढ. त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोड आणि दोन दिवस गाडीकडे बघूसुद्धा नकोस. मग गाडी मेन स्टँडवर घे, टॉप गिअर टाक आणि मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे हलव. इंजिन त्याच्याबरोबर फिरायला लागलं तर पिस्टन मोकळा आहे. नाही फिरलं तर आणखी तेल, आणखी दोन दिवस. हातोडी, लांब पाना, दणकट मित्र, यातलं काहीही आणायचं नाही. जुनं इंजिन ऑइलही आत्ताच काढून टाक. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या तेलात ओल उतरलेली असते.

पेट्रोलचं मात्र तुला नाकानंच कळेल. टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी शिळ्या वार्निशसारखा वास आला, तर त्यातला हलका भाग कधीच उडून गेलाय आणि उरलाय तो डिंक. तोच पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. त्यातल्या पायलट जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पितळी नळीचं, भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. ते बुजलं की गाडी चोकवर, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल वाढवल्यावरच, चालते, चोक काढला की मरते, आणि माणूस उगाच प्लग बदलत बसतो. जेट काढून क्लीनरमध्ये भिजव, हवा मार, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघ. टाचणी खुपसू नकोस. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. टाकीत टॉर्चचा उजेड पाडून गंज बघ. गंज असेल तर सगळं पेट्रोल काढून, टाकी धुऊन, व्हिनेगर भरून ठेव. नंतर खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळव, नाहीतर दोन दिवसांत पुन्हा तांबूस होईल. हे सगळं मोकळ्या हवेत, आसपास विस्तव नसताना.

आता मला खरं जे विचारायचं आहे ते. तू मालकाला ‘किती वर्षं उभी आहे’ हे विचारलंस. ‘का उभी केलीत’ हे विचारलंस का?

चालती गाडी माणूस सहसा कोपऱ्यात लावत नाही. कुणी गाव सोडतं, कुणी आजारी पडतं, ते वेगळं. एरवी काहीतरी दुखणं असतं, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून गाडी भिंतीला लागते आणि तो आठवडा येत नाही. वर्षांनी विकताना मालक अगदी प्रामाणिकपणे सांगतो, चालू होती हो! म्हणजे तुझ्या गाडीला दोन आजार आहेत असं समज. एक उभं राहून जडलेला, तो आपण वर पाहिला. दुसरा ती घेऊनच आली आहे आणि तो इंजिन सुरू झाल्यावरच दिसेल.

माझी गाडी सुरू झाली तेव्हा मी नाचलो होतो. पंधरा मिनिटांनी ती बंद पडली. गार झाल्यावर पहिल्या किकला चालू, पुन्हा पंधरा मिनिटांनी बंद. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. शेवटी कळलं की तापल्यावर इग्निशन कॉइल प्लगला ठिणगीसाठी करंट द्यायचं बंद करतेय. मूळ मालकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “हो, ते तर तिचं आधीपासूनच होतं.”

तेव्हा तुझ्या गाडीच्या जुन्या मालकाला फोन कर. शेवटी शेवटी धूर यायचा का, निळा की काळा? निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गिअर निसटायचा का? तापल्यावर बंद पडायची का? आणि कागदावरचे इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिलेस ना? नसतील जुळत तर बाकीचं सगळं सोड, गाडी परत दे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2311 असेल तर तो 2011 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, नवे टाक. चाकातला ब्रेकचा ड्रम उघडून आतल्या ब्रेक शूचं अस्तर सुटलंय का बघ. हे होईपर्यंत गाडी सुरू झाली तरी रस्त्यावर काढायची नाही. याबाबत मी हट्टी आहे, आणि तुझ्या आईला अजून काही सांगितलेलं नाही, हेही लक्षात ठेव.

प्लग काढलास की त्याच्या टोकाचा जवळून फोटो पाठव.

तुझा,
बाबा

ता. क. एअर फिल्टरचा डबा उघडून बघ. माझ्या गाडीत उंदरानं फिल्टरचीच गादी करून पिल्लं घातली होती.