संत्र्याची जात विचारताना खुंटही विचारा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की नागपूर जिल्ह्यात संत्र्याच्या फळगळीची चर्चा सुरू होते आणि 'उष्णता सोसणारी नवी जात हवी' या मागणीपाशी येऊन थांबते. मागणी रास्त आहे. परंतु आज उभ्या असलेल्या बागांतील कलमांचा खुंट, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा (कळी) भरून कलम करतात ते खालचे मुळांचे रोप, कोणता, हे त्या चर्चेत क्वचितच विचारले जाते. जमिनीतून पाणी ओढतात ती खुंटाची मुळे, त्यामुळे अवर्षणात झाड किती तग धरणार याचा बराचसा भाग डोळा भरण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो.

आपल्याकडे मुख्यतः जंबेरी आणि रंगपूर लाईम हे दोन खुंट चालतात. जंबेरीचे रोप जोमदार असते व लवकर कलमायोग्य होते, म्हणून रोपवाटिकाधारकांचा ओढा तिकडे असतो. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत जंबेरीची मुळे चांगली पसरतात. मात्र काळ्या भारी जमिनीत पावसाळ्याचे पाणी साचले की फायटोप्थोरा बुरशी तिची तंतुमुळे कुजवते आणि बुंध्यावर डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग, दिसू लागतो. मुळांचे हे नुकसान ऑगस्ट-सप्टेंबरात होते, पण उघड होते ते मे महिन्यात, कारण तेव्हा पानांतून उडून जाणारे पाणी उरलेल्या मुळांना पुरवता येत नाही. झाड उन्हाने वाळले असे आपण म्हणतो आणि खरे कारण मातीतच राहते. रंगपूर लाईम या बुरशीला जंबेरीपेक्षा कमी बळी पडतो आणि पाण्याचा ताणही अधिक सोसतो. तरीही सगळा जिल्हा एकाच खुंटावर न्यावा, असे मी म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये कोरडवाहू बागांसाठी याच खुंटावर मोठी भिस्त होती. 2001 च्या सुमारास तेथे झाडे अचानक मरण्याचा रोग आला आणि रंगपूरवरील बागांना त्याचा जबर फटका बसला.

23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदले गेले. संत्रावर्गीय झाडांची वाढ साधारण 37-38 अंशांच्या पुढे थांबते. बोर कडक उन्हाळ्यात पाने गाळून विसावते, सीताफळही पानगळ करून हा काळ काढते. सदाहरित संत्र्याला ती सोय नाही. भर दुपारी त्याची पाने लांबीच्या रेषेत द्रोणासारखी वळतात, पर्णरंध्रे मिटतात आणि पाने कोवळ्या फळांतलेही पाणी ओढून घेतात. दुपारी वळलेले पान पाहून घाबरण्याचे कारण नाही. पहाटे बागेत जाऊन पाहावे: रात्रीतून पान सरळ झाले असेल तर मुळे काम करीत आहेत; पहाटेही ते वळलेलेच असेल तर ओलावा खरोखर संपला आहे किंवा मुळे गेली आहेत, आणि यातले नेमके काय ते आळ्यातली माती उकरल्याशिवाय कळत नाही.

मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याचा, प्रश्न आणखी अवघड आहे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसते म्हणून अनेकजण हा बहार घेतात, म्हणजे ऐन मे महिन्यात झाडाला मुद्दाम ताण देतात. पाऊस लांबला की तो ताण हाताबाहेर जातो आणि पुढे फांद्यांवर सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, वाढते. उथळ, मुरमाड जमिनीत तर हे फार लवकर घडते. सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन आणि बुंध्याला पाणी लागू न देणारे दुहेरी आळे यांचा उपयोग निश्चित होतो, पण चुकीच्या जमिनीत चुकीचा खुंट लावला असेल तर हे उपाय अपुरे पडतात.

राज्यात फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा 1969 पासून आहे. तरी प्रत्यक्ष कलम विकत घेताना खुंटाविषयी खात्रीचे उत्तर मिळणे कठीण जाते. कलम तयार झाल्यावर सामान्य शेतकऱ्याला खुंट ओळखता येत नाही, आणि चूक ध्यानात येईपर्यंत बागेची ऐन उत्पादनाची वर्षे सुरू झालेली असतात. म्हणून कृषी विभागाने प्रत्येक कलमावर खुंटाचे नाव, मातृवृक्षाचा (ज्या झाडाचा डोळा घेतला त्याचा) स्रोत आणि डोळा भरल्याची तारीख असलेली चिठ्ठी सक्तीने लावून घ्यावी व ती तपासावी. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या तालुक्यांतील जमिनीच्या खोलीनुसार कोणता खुंट कोठे लावावा, याचे गावनिहाय मार्गदर्शन तिच्या मदतीने येत्या पावसाळी लागवडीपूर्वी ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवावे, ही विनंती.

आपला,
एक संत्रा उत्पादक,
ता. काटोल, जि. नागपूर