प्रतिमा-संपादनात स्क्रिप्टच्या आधी शॉर्टकट सुधारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी नव्या सुविधांची भर पडते आणि त्यांची चर्चाही भरपूर होते. परंतु हे काम तासन्‌तास करणाऱ्यांची एक साधी मागणी वर्षानुवर्षे मागे पडत आली आहे. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक आज्ञेला आपल्या सोयीची कळ देता यावी आणि ती कळ दाबली की काम तिथल्या तिथे व्हावे, म्हणजेच प्रत्येक आज्ञेला शॉर्टकट मिळावा, एवढीच ही मागणी आहे. कोणी ती मांडली की निर्मात्यांकडून आणि जाणकारांकडून बहुतेक वेळा ठरलेले उत्तर मिळते: 'त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहा.' स्क्रिप्ट म्हणजे सॉफ्टवेअरकडून कामे आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्राम. हे उत्तर सयुक्तिक वाटते, पण त्याने मागणी पुरी होत नाही, असे माझे ठाम मत आहे. छायाचित्रांच्या दुरुस्तीचे काम नित्य करणारा एक वाचक म्हणून ते येथे मांडत आहे.

जुन्या छायाचित्राच्या स्कॅनवरचे धुळीचे ठिपके आणि ओरखडे काढण्याचे काम जवळून पाहिले, तर हा मुद्दा लगेच ध्यानात येईल. उजव्या हातात माउस किंवा पेन असतो, डावा हात कीबोर्डवर असतो आणि नजर चित्रावर खिळलेली असते. ठिपका आकाशावर असेल तर मोठा, मऊ कडांचा ब्रश चालतो. तोच ठिपका डोळ्याच्या कडेला असेल तर ब्रश लहान करावा लागतो, शेजारचा स्वच्छ भाग नमुना म्हणून नव्याने निवडावा लागतो आणि पारदर्शकताही कमी-जास्त करावी लागते. फोटोशॉपमध्ये चौकटी कंसाच्या दोन कळांनी ब्रशचा आकार बदलतो, आकड्यांच्या कळांनी पारदर्शकता ठरते, ऑल्ट दाबून क्लिक केले की नमुना निवडला जातो आणि स्पेसबार दाबून धरला की चित्र सरकवता येते. सरावलेल्या हाताला या कळा आठवाव्या लागत नाहीत. मात्र या साखळीत शॉर्टकट नसलेली एखादी आज्ञा आली की नजर चित्रावरून उठते, मेनू शोधते, उपमेनूत शिरते, परत येते आणि आपण नेमका कोणता ठिपका पाहत होतो हे पुन्हा शोधू लागते. या कामात खरा वेळ जातो तो इथे.

हा वेळ मोजताही येतो. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल या संशोधकांनी १९८० साली संगणकावरच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधण्याची एक पद्धत मांडली. माउसने एखाद्या ठिकाणी नेम धरायला सरासरी १.१ सेकंद लागतात, तर मध्यम सराव असलेल्या माणसाला एक कळ दाबायला सुमारे ०.२८ सेकंद लागतो, असे आकडे त्यांनी दिले. मेनू, उपमेनू आणि आज्ञा असे तीन नेम, शेवटी चित्रावरच्या जागी परतण्याचा चौथा, असा हिशोब केला तर क्लिकचा वेळ धरून एका आज्ञेला जवळपास पाच सेकंद होतात. दोन कळांचा शॉर्टकट अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपतो. एकाच चित्रावर अशी आज्ञा तीनशे वेळा द्यावी लागली तर वीस मिनिटांहून अधिक वेळ केवळ मेनूत ये-जा करण्यात जातो, आणि या हिशोबात तुटलेल्या लक्षाची किंमत धरलेलीच नाही.

स्क्रिप्टचे महत्त्व मी नाकारत नाही. हजार फाइलींची रुंदी सारखी करायची असेल, सर्वांवर एकच खूण उमटवायची असेल किंवा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायचे असेल, तर ते काम हाताने करत बसणे व्यर्थ आहे. इमेजमॅजिकसारखी साधने अशीच कामे एका ओळीच्या आज्ञेने आणि कोणतीही खिडकी न उघडता करून देतात. अशा कामात दोन पायऱ्यांच्या मध्ये माणसाने काही पाहून ठरवायचे नसते. ठिपके काढणे, मास्कची (चित्राचा काही भाग झाकणाऱ्या आवरणाची) कड सुधारणे, चेहऱ्यावरचा उजेड थोडा उचलणे या कामांत मात्र प्रत्येक पायरीनंतर पाहून ठरवावे लागते आणि पुढची पायरी त्यावर अवलंबून असते. ही दोन कामे मुळातच निराळी आहेत. पहिल्यासाठी स्क्रिप्ट हेच योग्य साधन आहे, पण दुसऱ्यासाठी तिचा सल्ला देणे म्हणजे वापरकर्ता काय करत आहे हे नीट न पाहताच त्याला वाटेला लावणे होय.

या दोन टोकांच्या मधला एक मोठा प्रदेश आहे आणि सर्वाधिक अडचण तिथेच होते. समजा, मला चालू लेयरची (चित्रातल्या एकावर एक असलेल्या थरांपैकी एकाची) प्रत काढून तिचा मिश्रणाचा प्रकार 'मल्टिप्लाय' करायचा आहे आणि पारदर्शकता चाळीस टक्क्यांवर आणायची आहे. किंवा समजा, दोन पिक्सेलचा गॉसियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) हवा आहे, दरवेळी दोनच पिक्सेलचा. ब्लरच्या आज्ञेला शॉर्टकट देता येतो, पण त्याने फक्त संवादचौकट उघडते. आकडा टाकणे आणि होकार देणे शिल्लक राहतेच. म्हणजे शॉर्टकट आज्ञेला मिळतो, आज्ञेच्या मूल्याला मिळत नाही. शेवटची सेटिंग पुन्हा लावणारी आज्ञा अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण मध्ये दुसरा फिल्टर वापरला की ती त्या दुसऱ्याचीच होऊन बसते. ठरावीक मूल्यासह आज्ञा एका कळेला बांधता आली, तर आज लिहिल्या जाणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांपैकी बऱ्याचशा लिहाव्याच लागणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

फोटोशॉपने १९९६ साली चौथ्या आवृत्तीत 'ॲक्शन्स' आणून पायऱ्या नोंदवून ठेवण्याची आणि पुन्हा चालवण्याची सोय दिली, ही मोठीच गोष्ट होती. परंतु ॲक्शनला थेट शॉर्टकट द्यायचा तर फंक्शन कळांपैकीच एखादी घ्यावी लागते, फार तर तिला कंट्रोल किंवा शिफ्टची जोड देता येते. बऱ्याच लॅपटॉपवर या कळा मुळात उजेड आणि आवाज कमी-जास्त करण्यासाठी राखलेल्या असतात आणि डाव्या हाताच्या नैसर्गिक ठिकाणापासून त्या दूरही असतात. गिम्प या मुक्त संपादन-सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्ट लिहिण्याचे स्क्रिप्ट-फू आणि पायथन असे दोन समर्थ मार्ग आहेत, पण केलेल्या पायऱ्या नोंदवून त्यांची आज्ञा बनवण्याची सोय नाही. म्हणजे तीन पायऱ्या एकत्र करण्यासाठीही स्कीम (स्क्रिप्ट-फूची भाषा) किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी लागते. छायाचित्रांच्या कामात मुरलेल्या माणसाकडून अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय स्क्रिप्ट एकदा लिहून भागत नाही, ती सांभाळावी लागते. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात पायथन २ चा आधार संपला, प्लगइनसाठीची (सॉफ्टवेअरला जोडल्या जाणाऱ्या प्रोग्रामसाठीची) अंतर्गत रचनाही बदलली आणि जुनी पायथन प्लगइने नव्याने लिहिल्याशिवाय चालेनाशी झाली. तो बदल तांत्रिकदृष्ट्या आवश्यक होता, याबद्दल माझी तक्रार नाही. फोटोशॉपची स्क्रिप्ट लिहिण्याची जुनी भाषा एक्स्टेंडस्क्रिप्ट १९९९ सालच्या जावास्क्रिप्टच्या प्रमाणावर बेतलेली आहे आणि आता तिच्या शेजारी यूएक्सपी ही वेगळी व्यवस्था उभी राहिली आहे. व्यावसायिक प्रोग्रामर अशा स्थित्यंतरांशी जुळवून घेतो. दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट वापरणारा वापरकर्ता मात्र, मूळ लेखकाने ती सोडून दिली की, अडकून पडतो. आणि अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या स्क्रिप्टला आपल्या फाइलींपर्यंत पोहोचण्याची मुभा मिळते, हा धोका वेगळाच.

एका जुन्या प्रकरणातून हा प्रश्न फार चांगला समजतो. २०१२ साली गिम्प २.८ मध्ये 'सेव्ह' आणि 'एक्स्पोर्ट' वेगळे करण्यात आले. कंट्रोल आणि एस दाबले की फाइल केवळ गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जतन होणार आणि जेपीईजी हवी असेल तर एक्स्पोर्ट करावे लागणार, असे ठरले. लेयर चुकून गमावले जाऊ नयेत हा हेतू चांगला होता. पण जेपीईजी उघडून, किरकोळ सुधारून, त्याच जागी परत ठेवणाऱ्यांची सवय मोडली आणि पुष्कळ नाराजी झाली. आता कोणी म्हणेल की शॉर्टकट बदलता येतात, मग अडचण काय? अडचण अशी, की उघडलेल्या जेपीईजीवर थेट लिहिणे ही एक आज्ञा आहे, आधी एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर पुन्हा लिहिणे ही दुसरी आणि एक्ससीएफ जतन करणे ही तिसरी. वापरकर्त्याच्या मनात या तिन्हींचा अर्थ 'आहे तिथे ठेव' असा एकच असतो, पण एक कळ एकाच आज्ञेला बांधता येते. परिस्थिती पाहून योग्य ती आज्ञा निवडणारी कळ हवी असेल तर पुन्हा प्लगइनचीच वाट धरावी लागते. शॉर्टकटची व्यवस्था वापरकर्त्याच्या हेतूऐवजी सॉफ्टवेअरच्या अंतर्गत रचनेवरून आखली की असे होते.

चांगली उदाहरणेही आहेत आणि त्यांचा उल्लेख केलाच पाहिजे. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि झेड दाबले की पूर्वी फक्त शेवटची कृती मागे-पुढे होत असे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत ती कळ एकामागून एक पायऱ्या मागे जाऊ लागली. हा बदल करताना जुनी पद्धत हवी असणाऱ्यांसाठी शॉर्टकटच्याच संवादचौकटीत एक पर्याय ठेवण्यात आला. लोकांच्या बोटांतली सवय ही त्यांची कमाई असते, हे ओळखूनच तसे केले गेले असावे. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने फोटोशॉपशी जुळणारा शॉर्टकटांचा तयार संच दिला आहे, आणि लिहून ठेवलेल्या दहा पायथन स्क्रिप्टांना शॉर्टकट देणारे प्लगइनही सोबतच ठेवले आहे. स्क्रिप्ट आणि कळ यांना जोडणारा हा पूल छोटा असला तरी उपयोगी आहे. गिम्पमध्ये तिरपी रेघ दाबली की आज्ञा नावाने शोधता येते. क्वचित लागणाऱ्या आज्ञांसाठी ती सोय उत्तम आहे, पण मिनिटाला दहा वेळा लागणाऱ्या आज्ञेसाठी ती पुरेशी नाही.

मूळ शॉर्टकट कितीही विचारपूर्वक ठरवले तरी ते सर्वांना सोयीचे होऊ शकत नाहीत, हेही निर्मात्यांनी लक्षात घ्यावे. जर्मन कीबोर्डवर चौकटी कंसासाठी ऑल्ट-जीआर आणि आकडा अशा दोन कळा दाबाव्या लागतात. तिथे ब्रशचा आकार कंसाने बदलणे जिकिरीचे होते. देवनागरीचा इनस्क्रिप्ट लेआउट चालू असताना बीच्या कळेवर 'व' उमटतो, आणि ब्रशसाठी बी हे अक्षर अपेक्षित धरणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरना ती कळ ओळखताच येत नाही. चित्रावर मराठी मजकूर टाकून पुन्हा ब्रशकडे वळणाऱ्याला दरवेळी भाषा बदलावी लागते. अक्षराऐवजी कीबोर्डवरची कळेची जागा ओळखून शॉर्टकट चालवण्याचा पर्याय दिला तर हा त्रास संपेल, आणि तसे करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

ज्यांना एकाच हाताने किंवा आवाजाने संगणक चालवावा लागतो, त्यांच्यासाठी तर हा सोयीच्या पलीकडचा प्रश्न आहे. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये जे डब्ल्यूसीएजी २.१ निकष प्रसिद्ध केले, त्यात एकेरी अक्षराचे शॉर्टकट बंद करता यावेत किंवा बदलता यावेत, अथवा तो घटक निवडलेला असतानाच चालावेत, अशी अट आहे. बोलून मजकूर घालणाऱ्याच्या तोंडचे शब्द अक्षरांच्या रूपाने शॉर्टकट म्हणून चालू लागतात आणि भलत्याच आज्ञा सुटतात, हे त्यामागचे एक कारण आहे. हे निकष वेबसाठी असले तरी प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अवजारे बहुतांशी एकेरी अक्षरांवरच असल्याने निर्मात्यांनी ते आपणहून लागू करावेत. एकाच वेळी तीन कळा दाबण्याऐवजी त्या एकामागून एक दाबण्याची मुभा मिळाली, तर दुखऱ्या मनगटांनाही दिलासा मिळेल.

तेव्हा या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांना, विशेषतः मुक्त प्रकल्पांत वेळ देणाऱ्या स्वयंसेवकांना, माझी विनंती आहे की पुढच्या आवृत्तीचे नियोजन करताना शॉर्टकटच्या व्यवस्थेकडे मूळ सुविधा म्हणून पाहावे. ठरावीक मूल्यासह आज्ञा कळेला बांधता यावी, आणि नोंदवलेल्या पायऱ्यांना फंक्शन कळांखेरीज कोणतीही कळ देता यावी, या दोन गोष्टींपासून आरंभ केला तरी पुष्कळ होईल. कोणत्या कळा मोकळ्या आहेत हे कीबोर्डच्या चित्रावर दिसावे. आवृत्ती बदलली तरी वापरकर्त्याचा संच आपोआप पुढे यावा, आणि ज्या आज्ञेचे नाव बदलले किंवा जी काढून टाकली तिची कळ गुपचूप मोकळी न करता तसे स्पष्ट सांगावे. हा संच कोणालाही वाचता येईल अशा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असावा. गिम्पमध्ये तो तसा असतोच. म्हणजे एकाने बसवलेले शॉर्टकट दुसऱ्याला देता येतील, आणि ते घेणाऱ्याला अनोळखी स्क्रिप्ट आपल्या संगणकावर चालवावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
छायाचित्र-दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक