सायकल विकलेली नाही

फिनिक्स, मंगळवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर दोनदा सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा विषय बदलला, म्हणून लिहितेय. मी सायकल विकलेली नाही. मार्चमध्ये कॉलरबोन मोडलं तेव्हा "विकून टाकते" म्हटलं होतं. आई, त्यानंतर तू एकदाही विचारलं नाहीस, आणि तेच मला जास्त लागत राहिलं. ऑक्टोबरमध्ये सायकल दुरुस्त करून घेतली. येत्या शनिवारी इथल्या साउथ माउंटन डोंगराच्या धारेवर दिवसभर सायकल घेऊन जातेय. सोबत सोलापूरवाली आहे, तीच, जिने मला त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नेलं आणि नंतर पंधरा दिवस माझी वेणी घातली.

जायचं ठरलं आहे. पण तुम्हाला न सांगता जायचं नाही, हेही ठरलं आहे. मागच्या वेळी आठ दिवस लपवलं ते फार चुकलं. नानांच्या वेळी तुम्ही मला उशिरा कळवलंत म्हणून मी केवढी भांडले होते, आणि माझ्यावर वेळ आल्यावर मीही तेच केलं.

बाबा, आधी तुमच्यासाठी. हाड पूर्ण जुळलंय, डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं. खांद्याचे व्यायाम अजून रोज करते. हा डोंगर शहरातच आहे, महापालिकेचा राखीव भाग आहे. सगळ्यात उंच टोक 820 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा खूपच बुटका. नॅशनल ट्रेल नावाची वाट धारेवरून 20 किलोमीटरहून जास्त जाते, पण आम्ही ती पूर्ण करणार नाही. पूर्वेकडच्या पिमा कॅन्यनवरून चढून टेलिग्राफ पासपर्यंत जायचं आणि परत. मध्ये दोन ठिकाणी डांबरी रस्ता अगदी जवळ येतो, थकलो तर तिथून खाली उतरता येतं. माथ्यावर टीव्हीचे मनोरे आहेत, फोन लागतो. आणि हवा जानेवारीची, पुण्यातल्या डिसेंबरपेक्षाही गार. 2024 मध्ये इथे सलग 113 दिवस पारा जवळपास 38 अंश किंवा त्याच्या वर गेला होता, तशा दिवसांत मी डोंगराकडे फिरकतसुद्धा नाही.

मागे पडले ती जागा म्हणजे वॉटरफॉल. नाव धबधब्याचं, पण तिथे पाणी नसतं, नुसत्या खडकाच्या उंच पायऱ्या. त्या दिवशी पुढचं चाक दोन दगडांत अडकलं आणि मी ब्रेक दाबला. दाबायला नको होता. या वेळी तिथे उतरून सायकल खांद्यावर घेणार. डाव्या, म्हणजे चांगल्या खांद्यावर. सायकलला आता हँडलवर एक बटण आहे, दाबलं की सीट खाली जाते, मग उतारावर अंग मागे टाकता येतं आणि तोल पुढे जात नाही. गुडघ्याला, कोपराला पॅड आहेत, हेल्मेट नवं आहे.

तरी कशाला जायचं, हे आई विचारणारच. आठवडाभर खुर्चीत बसून डोक्यात दहा गोष्टी चालू असतात. त्या धारेवर गेलं की समोरचे दोन दगड सोडून दुसरं काही दिसत नाही. चाक कुठून न्यायचं, एवढंच. बाबा, मैदानावर सीट धरून मागे पळताना तुम्ही ओरडायचात, "खाली बघू नको, पुढे बघ!" खडकावर अजूनही तेच करावं लागतं. नजर खड्ड्यावर गेली की चाकही तिकडेच जातं. आणि तुम्ही सीट कधी सोडलीत ते मला आजतागायत कळलेलं नाही.

खाण्याची काळजी नको. तू पाठवलेल्या भाजणीची थालीपिठं करून नेणार आहे, दोघींना सहा. तीन लिटर पाणी पाठीवरच्या पिशवीत. आणि आई, गेल्या वेळी तू इथे विसरलेला हिरवा कंगवा माझ्या सॅकमध्ये असतो. इथे चोया नावाचं निवडुंग आहे. त्याचे गोळे नुसता स्पर्श झाला तरी तुटून अंगाला चिकटतात, काट्यांना उलटे आकडे असतात, बोटांनी काढायला गेलं तर बोटांतच रुततात. कंगवा खाली सरकवून झटका द्यायचा. दर वेळी मला मागच्या पायरीवर बसलेली तू दिसतेस, माझा पाय मांडीवर, सेफ्टी पिन गॅसवर तापवून बोरीचा काटा काढताना. मी रडत नव्हते कारण तू फुंकर घालायचीस.

आता माझं ऐका. बाबा, पहाटे अंधारात दुधाला जाऊ नका, आठ रुपये जास्त गेले तरी घरी येऊ दे. रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. आई, पाण्याची कळशी उचलायची नाही, डोळ्यांचे थेंब अलार्म लावूनच. बाथरूममधली दांडी धरण्यासाठी बसवली आहे, टॉवेल वाळत घालण्यासाठी नाही.

मी सकाळी साडेसातला निघेन, तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे आठ. चारला खाली उतरलो की लगेच मेसेज करते, तुमचे पहाटेचे साडेचार. तोवर दोघांनी झोपायचं. आई, फोन उशाखाली घेऊ नकोस, हॉलमध्ये चार्जिंगला लाव. बाबा उठले की तेच वाचतील आणि तुला सांगतील.

तुमची,
चिमी