महिला विभागाच्या वाट्याला मैदान कधी येणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आला की मराठवाड्यातल्या गावोगावच्या शाळांच्या फेऱ्या निघतात, घोषणा होतात, शपथ घेतली जाते. तीसेक वर्षे क्रीडाशिक्षिका म्हणून मीही अशा फेऱ्यांच्या पुढे शिट्टी वाजवत चालले आहे, त्यामुळे त्यांची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. निवृत्तीनंतर मात्र गेली दोन वर्षे आमच्या भागातल्या एका व्यसनमुक्ती केंद्राच्या महिला विभागात आठवड्यातून तीन दिवस व्यायाम घ्यायला जाते. तिथे जे पाहिले, त्यावरून उपचार घेणाऱ्या स्त्रियांची स्मरणशक्ती आणि त्यांना मिळणारी, खरे तर न मिळणारी, शारीरिक हालचाल याविषयी लिहावेसे वाटले.

आपल्याकडे ‘व्यसनी’ म्हटले की डोळ्यांसमोर पुरुष येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात 10 ते 75 या वयोगटातील 27.3 टक्के पुरुष, तर 1.6 टक्के स्त्रिया दारू पितात असे आढळले. केंद्रांच्या इमारती, वेळापत्रके, खेळाचे साहित्य सारे या पहिल्या आकड्याच्या हिशेबाने उभे राहते. मी जाते तिथल्या बायकांना मात्र दारूपेक्षा गोळ्यांनी अधिक ग्रासले आहे. कुणाला झोप लागावी म्हणून दिलेली गोळी वर्षानुवर्षे सुटली नाही, कुणी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर दिवस काढले, तर शहरात वाढलेल्या दोघी-तिघी पोरींना ‘बटन’ म्हणजे नशेची गोळी कोपऱ्यावर मिळत होती. देगलूर, धर्माबादच्या बाजूने आलेल्यांच्या बोलण्यात शिंदी येते आणि शेजारच्या तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलाम हे गुंगीचे औषध मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आलेली आहेत. मिश्री तर इतकी घरातली, की तिला कुणी व्यसन म्हणतच नाही.

या गोळ्यांपैकी बहुतेक ज्या गटातल्या आहेत, त्या बेंझोडायझेपिन या झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या गटाच्या औषधांचा एक जाणलेला परिणाम म्हणजे नवी आठवण पक्की होऊ न देणे. दारूचे वेगळे, पण तिथेही थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता होऊन स्मृती कायमची जाऊ शकते आणि शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूचे रक्तातले प्रमाण स्त्रीच्या बाबतीत जास्त होते. हे सगळे मी नंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून समजून घेतले. आधी मला दिसले ते चिंचोके.

पंचेचाळिशीतली एक शेतमजूर बाई होती. मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या असे ठरवले, तर चौथ्या-पाचव्या फेरीनंतर तिचा हिशेब हरवायचा आणि ती जागीच उभी राहायची. पाय थकलेले नसत, कितवी फेरी ते आठवत नसे. ‘बाई, कायबी ध्यानात ऱ्हाईना,’ एवढेच म्हणे. मग मी पायरीवर एक स्टीलचा पेला आणि तिच्या हातात दहा चिंचोके दिले. फेरी झाली की एक चिंचोका पेल्यात. असे पाच-सहा आठवडे चालले. एके दिवशी फेऱ्या संपवून ती आली, मूठ उघडली, तर दहाही चिंचोके हातातच. मला वाटले, आज टाकायचेच विसरली. ती म्हणाली, ‘दहा झाल्या. सातवीला टँकर आला, तवा तुमी शिट्टी मारली न्हाई.’ टँकर खरोखरच आला होता आणि त्याला वाट देण्याच्या गडबडीत माझी शिट्टी राहून गेली होती. ते माझ्या लक्षात नव्हते, तिच्या होते.

एका बाईच्या चिंचोक्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. गोळी हळूहळू कमी होत होती, दोन वेळचे जेवण मिळत होते, झोप सुधारली होती. या सगळ्याचा वाटा त्यात आहेच. पण व्यायाम आणि स्मृती यांचा संबंध माझ्या कल्पनेतला नाही. आठवणी साठवण्याचे काम मेंदूच्या ज्या भागात प्रामुख्याने चालते, त्या हिप्पोकॅम्पसवर 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 120 वयस्क स्त्री-पुरुष घेतले होते. वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्यांमध्ये हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, तर केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्या गटात तो वयानुसार घटला. चालण्या-धावण्याने मेंदूतल्या पेशींना पोसणारे बीडीएनएफ नावाचे प्रथिन वाढते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. ही मंडळी व्यसनी नव्हती, हेही सांगायला हवे. व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रियांवरचे प्रयोग कमी आहेत. चीनमधल्या महिला पुनर्वसन केंद्रांत मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ सोडलेल्या स्त्रियांवर झालेले काही प्रयोग आशादायक असले, तरी ते लहान आणि थोड्या काळाचे आहेत. उंदरांवरच्या एका प्रयोगात धावण्याचे चाक उपलब्ध असताना माद्यांचे कोकेन घेणे घटले आणि नरांपेक्षा त्यांच्यात हा फरक ठळक होता. पण उंदीर तो उंदीर.

मला मुद्दा वाटतो तो याहून साधा आहे. व्यसनमुक्तीचा सगळा उपचार स्मरणशक्तीच्या भरवशावर चालतो. समुपदेशक ताई सांगतात, गोळीची ओढ लागली की काय करायचे, कुणाला फोन लावायचा, कोणत्या घरी जायचे नाही. डॉक्टर सांगतात, अर्धी गोळी रात्री, पुढच्या गुरुवारी या. हे सारे नेमके त्या आठवड्यांत सांगितले जाते, जेव्हा ऐकणारीच्या डोक्यात काहीच टिकत नसते. पुढे ती तारखेला आली नाही की तिच्या नावापुढे ‘सहकार्य नाही’ असा शेरा पडतो. तिला शिकवायचे असेल तर आधी तिचे डोके शिकण्याजोगे व्हायला हवे आणि त्यासाठी अंगाला घाम येणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. निदान चालून आलेल्या बाईला रात्री झोप लागते, आणि झोपेतच आठवण पक्की होते.

‘बायका जन्मभर राबतात, त्यांना कसला आलाय व्यायाम?’ हे वाक्य मी डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांकडून ऐकले आहे. उसाच्या फडात पहाटेपासून वाकून, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणाऱ्या बाईला कष्ट नाहीत असे कोण म्हणेल? पण ते कष्ट तिच्या हातात नसतात. वेग मुकादमाचा, विश्रांती नाही, वर उद्याची चिंता. त्या ठणक्यावरच तर पहिली गोळी घेतलेली असते. स्वतःच्या चालीने, पोटात काही असताना, संपल्यावर सावलीत बसायला मिळेल अशा खात्रीने चाळीस मिनिटे चालणे ही तिच्यासाठी नवीच गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात काहीजणी मला विचारायच्या, ‘चालायचं, पण जायचं कुठं?’

सावधगिरी अर्थातच हवी. गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येतात, त्यामुळे त्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच कमी करायच्या आणि त्या काळात धावपळ करायची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन न तपासता कुणालाही फेऱ्या मारायला लावणे हा अडाणीपणा ठरेल.

आता तक्रार. वर सांगितलेल्या फेऱ्या आम्हाला मारता आल्या, त्या पुरुष विभागाचे दुरुस्तीचे काम चालू होते म्हणून. ते अडीच महिने सकाळचे मैदान रिकामे होते. काम संपले, व्हॉलीबॉलची जाळी पुन्हा बांधली गेली आणि आम्ही व्हरांड्यात आलो. व्हरांडा बावीस पावलांचा आहे. बावीस पावले आणि वळा, बावीस पावले आणि वळा. चार दिवसांत दोघींना गरगरले आणि आठवड्याने निम्म्या जणी खाटेवरून उठेनाशा झाल्या. पुरुषांचा खेळ साडेसातला संपतो, पण महिला विभागाच्या फाटकाची किल्ली ज्या कर्मचाऱ्याकडे असते, ते दहाला येतात. मे महिन्यात दहाच्या उन्हात मराठवाड्यात कुत्रेही बाहेर फिरत नाही. ‘बायका पळून गेल्या तर जबाबदार कोण?’ हे उत्तर मला तीन वेळा मिळाले आहे. पुरुषही पळून जाऊ शकतात, हे कुणाच्या मनात आले नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे आणि त्याच्या कलम 20 मध्ये विरंगुळ्याच्या पुरेशा सोयी हा उपचार घेणाऱ्याचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. त्या सोयी पुरुषांपुरत्याच, असे त्यात लिहिलेले नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग उभा केला. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत तसे होईल तेव्हा होवो. तोवर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी औषधांच्या नोंदवहीबरोबर एवढे विचारावे, की महिला विभागातल्या स्त्रिया काल किती वेळ मोकळ्या जागेत चालल्या. आमच्या केंद्राला मी लेखी कळवले आहे की सकाळी साडेपाच ते सहा, पुरुष उठायच्या आत, मैदान आम्हाला द्यावे आणि फाटकाची किल्ली रात्रपाळीच्या परिचारिकेकडे ठेवावी. अर्ज देऊन सात आठवडे झाले. किल्ली अजून दहालाच येते.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
(केंद्रातील स्त्रियांची ओळख कळू नये, यासाठी नाव व गाव छापू नये, ही विनंती.)