पाथर्डी फाट्यावरच्या थाई जेवणाविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरी धडधाकट स्वयंपाकघर असताना आम्ही त्या थाई दुकानात एवढे काय खायला जातो, असे बाबांनी परवा फोनवर विचारले आणि मागून आईचा आवाज आला, ‘त्यात मासे असणारच.’ हे फोनवर नीट सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. शिवाय पौषात तुम्ही निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला येणार आहात, तेव्हा एका संध्याकाळी तुम्हा दोघांना तिथे न्यावे असे माझ्या मनात आहे.

दुकान म्हणजे पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीतला तळमजल्यावरचा गाळा आहे; एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला मेडिकल. आत तीन-चार टेबले आहेत, पण खरा धंदा पार्सलचा, त्यामुळे रात्री आठच्या सुमारास दारात पार्सल नेणाऱ्या मुलांच्या गाड्यांची रांग लागते. पाटीवर ‘थाई व एशियन’ असे लिहिले आहे. त्यातल्या एशियन भागात मंचुरियन, शेजवान राइस, मोमो असे सगळेच येते आणि त्याविषयी माझे मत फारसे बरे नाही. मंचुरियनचे श्रेय तर मुंबईच्या नेल्सन वांग यांना देतात; तो खायला थाई दुकान कशाला हवे?

थाई पदार्थ मात्र तिथे जीव लावून करतात. पॅड थाईसाठी तांदळाच्या चपट्या शेवया आधीच भिजवून ठेवलेल्या असतात. ऑर्डर आली की खोलगट कढई मोठ्या आचेवर धूर येईपर्यंत तापवायची, लसूण आणि टोफू परतून त्यावर शेवया टाकायच्या, मग चिंचेचा कोळ आणि ताडगूळ घालून कढई सारखी झटक्याने उडवत राहायची. दोन-तीन मिनिटांत शेवया तो रस पिऊन तांबूस होतात. उतरवताना मोड आलेले मूग, कांद्याची पात, शेंगदाण्याचा भरड कूट आणि लिंबाची फोड. बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात म्हणून मुद्दाम सांगते, की १९३९ मध्ये सयामचे नाव बदलून थायलंड झाले ते पंतप्रधान फिबुनसोंगक्राम यांच्या कारकिर्दीत, आणि हा पदार्थही त्यांच्याच सरकारने राष्ट्राभिमानाच्या मोहिमेत देशभर पोहोचवला. त्यातला शेंगदाणा आणि मिरची हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, जसे ते आपल्या ठेच्यातलेही आहेत.

हिरव्या करीचे वाटण तिथे दुकानातच होते. हिरवी मिरची, लसूण, छोटे कांदे, गवती चहाचे पांढरे दांडे आणि कुलिंजन, म्हणजे भजनाआधी आई घशासाठी तोंडात धरते तेच. आपण कोथिंबिरीची जुडी निवडताना मुळे फेकून देतो. तिथला आचारी ती खरवडून, धुऊन वाटणात घालतो आणि म्हणतो की खरा वास मुळांतच असतो. वाटण नारळाच्या दाट दुधात परतले, की कडेने तेल सुटेपर्यंत तो दुसरे काही घालत नाही.

आता आईच्या शंकेविषयी, कारण ती अगदी रास्त आहे. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी बहुधा माशांचे सॉस वापरतात; लहान मासे मिठात महिनोन् महिने मुरवून त्याचे पाणी काढलेले असते. करीच्या वाटणातही पुष्कळदा वाळवलेली, आंबवलेली कोळंबी असते. त्यामुळे नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, हे मी पहिल्यापासून लक्षात ठेवले आहे. या दुकानात शाकाहारी वाटण वेगळ्या डब्यात असते आणि माशांच्या सॉसऐवजी सोया सॉस घालतात. कढई मात्र एरवी एकच. गर्दीच्या आधी, सातच्या आत गेलो तर तुझ्यासाठी वेगळी कढई आणि वेगळा झारा वापरायचे मालकीणबाईंनी कबूल केले आहे, आणि मी समोर उभी राहून पाहीन, म्हणजे तुझ्या माळेला बाध येणार नाही.

आणखी एक. थायलंडमध्ये एका परतलेल्या पदार्थात आपली तुळसच मूठमूठ घालतात, हे ऐकून तू कानांवर हात ठेवशील. इथे तो पदार्थ करत नाहीत. करीत जी पाने असतात ती सब्जाच्या जातीची, बडीशेपेसारख्या वासाची. तरीही मन घेत नसेल, तर पाने काढूनच मागवू.

बाबांसाठी मी मस्समन करी ठरवली आहे. ती तिखट नसते, वेलची-दालचिनी-लवंग यांमुळे ओळखीची लागते, आणि बटाटा इतका मऊ शिजलेला असतो की तुमच्या कवळीला त्रास होणार नाही. साखरेचे पथ्य मात्र इथेही पाळावे लागेल, कारण त्यात गूळ असतो आणि सोबतचा सुवासिक भात गुरगुट्या नसला तरी चिकट असल्यामुळे हाताला लागेल तेवढा खाल्ला जातो. एक वाटी भात, बाकी करी, असे आपण ठरवून बसू. खर्चाची काळजी करू नका. चौघांचे जेवण हजाराच्या आसपास होते, आणि अ‍ॅपवरून मागवण्यापेक्षा दुकानात बसून ते स्वस्त पडते.

एकादशीला अर्थातच नाही. द्वादशीचे पारणे घरी करू, त्या दिवशी तुम्ही विश्रांती घ्या आणि त्रयोदशीला संध्याकाळी साडेसहाला निघू. तिथल्या खुर्च्यांना पाठ नाही, म्हणून भिंतीलगतचे टेबल मी आधीच सांगून ठेवते. आईच्या गुडघ्यांना रस्त्यालगतच्या दोन पायऱ्या जड जातील का, तेवढे उलटटपाली कळवा. तसे असेल तर आईसाठीचे जेवण पार्सल करून आणू आणि घरीच पाने मांडू.

तुमची,
धाकटी